पकड

आंतरराष्ट्रीय कबड्डी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हणमंताच्या लेकीनं इराणच्या चढाईपटूचा घोटा धरला आणि भोसरीचं अख्खं स्टेडियम उठून उभं राहिलं. मोठ्या पडद्यावर तीच पकड संथ करून दाखवली, तेव्हा हणमंत मात्र मटकन खाली बसला. लेकीनं घोटा धरला होता अंगठ्यानं आणि दोनच बोटांनी. उरलेली दोन तळव्यात मुडपलेली होती. चाकणच्या कंपनीत प्रेसखाली त्याची तीच दोन बोटं गेली, तेव्हापासून चारचौघांत तो उजवा हात खिशातच ठेवायचा. शिफ्ट सुटल्यावर कासारवाडीच्या रिकाम्या मैदानात एवढ्याशा पोरीला पकड शिकवताना तेवढा बाहेर काढायचा. तिनं सगळं जसंच्या तसं उचललं होतं. शेजारचा प्रेक्षक हळहळला, "भाऊ, या पोरीला दोन बोटं न्हाईत वाटतं." हणमंतानं खिशातला हात बाहेर काढून गुडघ्यावर ठेवला. "तिला हायेत," तो म्हणाला. "शिकवणाऱ्याला न्हाईत."