बुडण्याचा देखावा

ताहितीजवळच्या बेटावर हॉलिवूडची मंडळी मूकपट बनवत होती. बुडणाऱ्या नायकाच्या जागी त्यांनी तुआनाला, मोत्यांचे शिंपले काढणाऱ्या पाणबुड्याला, पाण्यात उतरवलं होतं. दिग्दर्शकाच्या हुकमाप्रमाणे तो तीन वेळा हातपाय झाडत ओरडला.

"काय नाटकी गं तुझा नवरा!" काठावरच्या बायका मारामाला चिडवत होत्या.

चौथ्या वेळी दमलेला तुआना हातही न हलवता गुपचूप खाली गेला. मारामाचं हसू विझलं. तिचा बाप शिंपले काढताना असाच, आवाज न करता गेला होता. तिने कपड्यांनिशी उडी टाकली आणि केसांना धरून नवऱ्याला वाळूवर ओढलं. तो पाणी ओकू लागला, तसा दिग्दर्शकाने रागाने टोपी आपटली.

 

"वाया घालवला शॉट! बुडणारा माणूस असा दिसतो का कधी?"