काचेवरचे ठसे

तिबिलिसीच्या संग्रहालयात मेरीमातेच्या जुन्या चित्राखालची 'अंधश्रद्धेचा नमुना' ही सोव्हिएत काळातली पाटी अखेर उतरली आणि 'राष्ट्राचा आत्मा' ही नवी पाटी चढली. काचा पुसणाऱ्या एतेरीला, वडिलांच्याच खुर्चीत आलेले नवे संचालक म्हणाले, "मावशी, या चित्रावरची काच महिना महिना लख्खच असते. आता घरी बसा, नातवंडं खेळवा."

"खरंय, साहेब. पूर्वी मात्र रोज पुसावी लागायची, कुणी बघायच्या आत. लपून चित्राला भक्तीनं ओठ टेकवणाऱ्यांचे ठसे असायचे."

"त्या पाटीच्या काळात? एवढी छाती कुणाची होती?"

एतेरीनं फडक्याची नीट घडी करून त्यांच्या हातात दिली.

"तुमच्या वडिलांची. पाटीही त्यांनीच लिहिली होती आणि रोज सकाळी पहिले ओठही तेच टेकवायचे."