जबड्याची साक्ष

"आ करा, स्क्रूवाले सर," सर्जन म्हणाली, आणि सरांनी निमूट तोंड उघडलं. आयुष्यभर लोकांना आ करायला लावणाऱ्यावर शेवटी ही पाळी आली.

दात गेला की जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू सरांनीच घडवलेला, म्हणून सगळं हॉस्पिटल त्यांना स्क्रूवाले सर म्हणायचं. हाडाने घट्ट धरावं म्हणून तो खरखरीत करणारं यंत्रही त्यांच्याच हातचं, दुसरं कुठे नाही. आता त्यांच्या लेकीने खरखरीऐवजी नवा लेप शोधला होता. लेप सरस ठरला तर बापाचा स्क्रू बंद.

चाचणीत निम्म्या पेशंटना जुना स्क्रू, निम्म्यांना नवा. दिसायला दोन्ही सारखे. कुणाला कोणता बसला ते सीलबंद, बसवणाऱ्यालाही ठाऊक नाही. नेमकी तेव्हाच सरांची दाढ काढावी लागली.

"मला घ्या चाचणीत," ते म्हणाले. "माझा स्क्रू मी झोपेतही ओळखीन."

"बाबा, हट्ट नको," लेक म्हणाली. पण ऐकतील ते बाबा कसले.

स्क्रू बसला. सर सुजेची वाट बघत राहिले. सूज नाही, ठणका नाही. त्यांच्याकडे परत येणारा पेशंट तर नेहमी गाल धरून, कण्हत यायचा. तेच चेहरे त्यांच्या लक्षात राहिले होते.

स्क्रूवर नवा दात चढला, आणि सरांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. कँटीनमध्ये, लिफ्टमध्ये, भेटेल त्याला गाठून सांगायचे, "हा माझा नव्हे. माझं काम इतकं चांगलं कधीच नव्हतं. लेकीने बापाला मागे टाकलं हो." आत टोचायचं, नाही असं नाही. उभी हयात घातली होती त्या स्क्रूत. पण लेक समोरून येताना दिसली की छाती फुगायची आणि टोचणी कुठल्या कुठे पळायची.

एके सकाळी ते हॉस्पिटलच्या प्रमुखांकडे गेले. "माझा स्क्रू बंद करा. वर्कशॉप लेकीला द्या."

"सील उघडेपर्यंत तरी थांबा, सर."

"सील कशाला? जबडा साक्ष देतोय."

लेकही समजवायला आली. "बाबा, घाई काय आहे?"

"तुझं कौतुक करायला मी कागदाची वाट बघू?"

ती आली तशी परत गेली. एवढं कौतुक बाबांनी जन्मात केलं नव्हतं. सरांनी स्वतः उभं राहून यंत्र तोडून घेतलं आणि भंगारात घातलं.

सील उघडलं त्या दिवशी हॉल गच्च भरला होता. नव्या स्क्रूने जुन्याशी पुरती बरोबरी साधली होती, ना कमी, ना जास्त. टाळ्या झाल्या. सगळ्यांत मोठ्या सरांच्या, त्याही उभं राहून.

"आता माझं सांग," ते म्हणाले. "होऊन जाऊ दे चारचौघांत."

लेकीने पडद्यावर त्यांचा नंबर शोधला. दोनदा पाहिला. मग माईक बाजूला ठेवून ती त्यांच्याजवळ आली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्या जबड्यात तुमचाच आहे."