पहिलीच्या वर्गाचं दार

शाळा सुटली की पहिलीच्या वर्गाचं दार प्रत्येकाला विचारायचं, "आज नवीन काय शिकलात?" खरंच काही शिकलेलं असलं तरच ते उघडायचं. थाप मारली तर त्याला दारावर टेकवलेल्या तळहाताच्या घामावरून कळायचं.

कुणी 'झ' काढायला शिकलं होतं, कुणी बुटाची नाडी बांधायला. पोरं भराभर सुटली. आत अडकल्या एकट्या पेडणेकरबाई. त्या आज दिवसभर नुसत्या ओरडल्या होत्या. तिकडे पाळणाघर बंद व्हायला आलं होतं आणि त्यांचं बाळ वाट बघत होतं.

बाहेरून खिडकीच्या गजांना लोंबकळत वर्गातली रेवू म्हणाली, "बाई, शिट्टी शिकवू?" आणि पडलेल्या दातांच्या फटीतून तिनं झकास शिट्टी वाजवली.

बाईंनी फुंकलं. नुसती थुंकी उडाली.

"एवढं साधं येत नाही? जा, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा!" रेवूनं सकाळी खाल्लेली बोलणी जशीच्या तशी परत केली.

बाई हसत गेल्या. भिंत नाकाशी आली. खाली, कमरेएवढ्या उंचीवर, रंग नखांनी खरवडलेला होता. बाईंचं हसू गेलं. त्यांनी तिथं तळहात टेकवला.

मागे दार खट्कन उघडलं.

बाई वळणार, तोच रेवू ओरडली, "मी सांगेपर्यंत वळायचं नाही हं!"