कुणाचे बदल ठेवायचे

पाण्याच्या टँकरच्या फेऱ्या ठरवणारं अ‍ॅप करिष्मा आणि तुषार जव्हारला बसून बनवत होते. तुषार अजून एसव्हीएन या जुन्या प्रणालीवर कोड ठेवायचा, करिष्मा गिट या नव्या प्रणालीवर, आणि दोन्हीकडचा कोड जुळवायचं काम तिच्याकडे होतं. काल एका जागी दोघांचे बदल एकमेकांवर आले. कुणाचे ठेवायचे, असं स्क्रीननं विचारलं. घाईत तुषारचे न वाचताच तिनं स्वतःचे ठेवले. त्यानं यादीत नव्यानं जोडलेले सूर्यमाळचे पाडे त्यात पुसले गेले आणि आज तिकडे टँकर गेलाच नाही.

“माझ्याच हातून राहिलं वाटतं,” कोड बघत तुषार म्हणाला.

काय झालं ते करिष्माला एव्हाना कळलं होतं. “होतं असं कधीकधी,” एवढंच ती बोलली.

संध्याकाळी सूर्यमाळहून तिच्या आईचा फोन आला. “तुझ्या हापिसातला तुषार मोटारसायकलला कॅन बांधून पाणी घेऊन आलेला. चूक माझीच झाली, असं घरोघर सांगत होता.”

आई पुढे म्हणाली,



“पोरगा चांगला हाय गं. तू त्याला रागवू नको.”