कडी

त्या छोट्या बेटावर चोरी अशी कधी झालीच नव्हती, आणि बदली होऊन आलेल्या फौजदारसाहेबांना नेमकं तेच खुपत होतं. घरोघरी दारं नुसती लोटलेली असत. "बर्फाच्या वादळात कुणी सापडलं तर त्याला आत येता यावं, म्हणून," गल्लीच्या तोंडाशी राहणारी म्हातारी त्यांना म्हणाली. साहेबांनी तिला चारचौघांत झाडलं. "उद्या कुणी गळा कापून गेला, तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

मग हिवाळाभर रोज संध्याकाळी ते गल्लीतून फिरत आणि एकेका दाराची मूठ खडखडवून बघत. ज्याचं दार उघडं सापडे, त्याला दुसऱ्या दिवशी चौकीत ताटकळत बसवत. लोक पार वैतागले, पण हळूहळू तेही अंगवळणी पडलं. मूठ वाजली की शेगडीपासून न हलता आतूनच उत्तर द्यायचं, की साहेब समाधानाने पुढच्या दाराकडे वळत.

वादळ आलं त्या संध्याकाळी साहेबांची जीप धक्क्यावरून घसरली ती थेट पाण्यात. चिंब भिजलेले साहेब कसेबसे रांगत गल्लीपर्यंत पोचले. दातखीळ बसलेली, तोंडातून शब्द फुटेना. पहिलंच दार म्हातारीचं होतं. होता नव्हता तेवढा जोर लावून त्यांनी मूठ खडखडवली.


"लावलीय हो कडी, साहेब. तुम्ही व्हा पुढे."