रिकाम्या पोटाची अट

घाटकोपरच्या इस्पितळात डॉक्टर विमलाबाई रक्ताचा अहवाल वाचता वाचता थबकल्या. त्या शांततेत समोर बसलेल्या सहदेवला आपल्याच पोटाचा आवाज ऐकू येत राहिला. निरोगी माणसांनी कधी अंडी, कधी पाव-जॅम खाल्ल्यावर भुकेला आवरणारी संप्रेरकं कशी बदलतात, हे त्या तपासत. प्रयोगातून नाव गेलं, तर संपावरच्या या गिरणी कामगाराची इथे मिळणारी फुकटची न्याहारीही जाणार होती.

“नापास काय आम्ही, बाई?”

“छे हो! रात्रभर उपाशी राहायची अट तुम्ही एकट्यानेच पाळलीत. बाकीचे चोरून चहा-पाव हाणून येतात. तुम्हाला घरी कुणी जेवायचा आग्रह करत नाही वाटतं?”

 

सहदेवने गुंडाळलेली बाही खाली ओढली आणि तो जिना उतरू लागला.